गाऊनवर अकोल्याला

अमरावतीत आमच्या कॉलनीत सकाळी कचऱ्याची घंटागाडी आली की सगळ्या घरांतून बायका एकदम बाहेर येतात. हातात डबा, अंगात गाऊन आणि वर ओढणी. ओढणी कधी सुनेची, कधी मुलीची, गाऊनच्या रंगाशी तिचा काही संबंध नसतो. त्या दिवशीही आम्ही अशाच उभ्या होतो. माझा गाऊन जुना, खालची दुमड एका बाजूनं उसवलेली, पोटावर हळदीचा डाग, आणि मी तर ओढणीही घेतली नव्हती. डबा रिकामा करून वळले आणि हातातला फोन वाजला.

फोन अकोल्याहून होता. आईच्या समोरच्या घरात राहणारी बाई बोलत होती. धापा टाकत होती.

"ताई, काकू बाथरूममदी पडल्या. उठताच येऊन नाही राहिलं त्याईले. मी अँब्युलन्सले फोन केला. तुमी या बरं लवकर."

आई अकोल्याला एकटी राहते. बाबा जाऊन बरीच वर्षं झाली, मी एकुलती एक. माझा नवरा त्या आठवड्यात कामासाठी परतवाड्याला होता, मुलगा शिकायला बाहेरगावी. मी दारात नुसती उभी राहिले. काय करायचं ते सुचेना. तेवढ्यात शेजारचे काका गाडी बाहेर काढताना दिसले. ते अकोल्याच्या कृषी विद्यापीठात नोकरीला आहेत, रोज जातात-येतात. माझा चेहरा पाहून त्यांनी काच खाली केली. मी सांगितलं. त्यांनी पुढचं काही विचारलं नाही.

"बसा. मी निघालोच आहे."

घरातून पर्स घेतली, कुलूप लावलं, गाडीत बसले. बडनेरा कधी मागे पडलं ते कळलं नाही. मी सतत फोन लावत होते आणि रडत होते. मूर्तिजापूरजवळ काका पेट्रोल भरायला थांबले, तेव्हा तोंडावर पाणी मारावं म्हणून मी खाली उतरले. पंपावर दोन-तीन माणसं उभी होती. त्यातल्या एकानं माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या पायांकडे, मग पुन्हा वर. मीही खाली पाहिलं. घरात घालायच्या स्लिपर, लोंबणारी दुमड, हळदीचा डाग. मी गाऊनवर अर्ध्या वाटेवर आले होते.

गाडीत बसताना मी म्हटलं, "काका, तुम्ही मला सांगितलं का नाही?"

"काय सांगणार?" ते म्हणाले. "तुम्ही रडत होत्या. कपडे बदलून या म्हटलं असतं तर तुम्ही बदललेही असते. पण तेवढा वेळ कशाला घालवायचा?"

गाडीच्या मागच्या सीटवर त्यांचं स्वेटर पडलं होतं. उन्हाळ्याचे दिवस होते, तरी ते मी अंगावर घेतलं आणि बटणं लावून बसले. घामानं भिजले, पण अकोल्यापर्यंत काढलं नाही.

कारण आईच्या घरात गाऊनबद्दल एक कायदा होता. ती प्राथमिक शाळेत बाई होती. निवृत्त झाल्यावरही सकाळी उठून, आंघोळ करून, कडक इस्त्रीची सुती साडी नेसल्याशिवाय ती दूध घ्यायला दारात यायची नाही. खांद्यावर पिन, निऱ्या पट्टीनं आखल्यासारख्या. गाऊन तिच्याकडे नव्हताच. माझे होते, पण माहेरी आले की ते मी रात्री घालायचे आणि ती उठायच्या आत बदलायचे. समोरची बाई गाऊनवर किराणा दुकानात जाताना दिसली की आई खिडकीतून म्हणायची, "पाह्य, निघाली. आंगावर तेच, बाजारात तेच." त्यात राग फार नव्हता. वर्गात एखादं पोरगं रोज नखं न कापता यावं आणि बाईंनी रोज तेवढंच बोलावं, तसं होतं ते.

हॉस्पिटलच्या दारात काकांनी मला सोडलं आणि स्वेटर राहू द्या म्हणाले. पण मी ते परत केलं. आत इतकं उकडत होतं की स्वेटरमुळेच लोकांनी जास्त पाहिलं असतं. काउंटरवरच्या मुलीनं मान वर न करता सांगितलं, "मावशी, पेशंटच्या घरच्यांना पाठवा. तुम्ही तिकडं बसा."

"मी मुलगी आहे त्यांची."

तिनं मान वर केली. "सॉरी ताई," म्हणाली आणि कॉरिडॉरच्या टोकाकडे बोट दाखवलं. चांगली मुलगी होती. पुढच्या दिवसांत तिनं मला खूप मदत केली. पण त्या सकाळी तिला जे दिसलं त्यावरून तिनं मला कामवाली समजलं, आणि तिच्या जागी कुणीही तेच समजलं असतं.

आईला एक्स-रेला नेलं होतं. समोरची बाई कॉरिडॉरमध्ये बाकावर बसली होती आणि तीही गाऊनवर होती. मला पाहून ती उठली, माझे हात धरले आणि मग सगळं सांगितलं. तिनं आईची हाक ऐकली होती. पुढचं दार आतून बंद होतं. तेव्हा ती मागच्या भिंतीवरून गच्चीवर चढली, तिथून जिन्यानं खाली उतरून आत गेली. भिंतीवर तिचं कोपर सोललं होतं, त्यावर नर्सनं पट्टी लावली होती.

"मी म्हटलं साडी नेसावं का," ती म्हणाली, "दवाखान्यात जाऊन राहिलो तं. पन काकू इवळून राहिल्या होत्या ना वो ताई."

मी तिला घट्ट धरलं.

तिला घरी पाठवून मी बाकावर बसले. पलीकडच्या खोलीतून एक गृहस्थ बाहेर आले आणि घाईघाईनं म्हणाले, "अहो बाई, जरा ते भांडं घेऊन जा ना. केव्हाचं सांगून राहिलो." मला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा मी पोटावरचा डाग हातानं झाकला. शेजारच्या खुर्चीवर काळ्या बुरख्यातली एक म्हातारी बाई तसबीचे मणी ओढत बसली होती. ती तिथूनच म्हणाली, "भाऊ, त्या आया नाही ना. पेशंटवाल्या आहेत. आया उधर, त्या टोकाले." गृहस्थ ओशाळले, हात जोडून गेले.

मग ती माझ्याकडे वळली. "कोन आहे बेटा आत?"

"आई. पडली घरात."

"कहाँ से आयी?"

"अमरावतीहून. अशीच निघाले..." एवढं म्हणताना मला पुन्हा रडू आलं. आईच्या काळजीचं होतं की गाऊनचं, ते तेव्हा मलाही सांगता आलं नसतं.

तिनं मांडीवरच्या पिशवीतून एक ओढणी काढली. फिकट निळी, मोठी, धुतलेल्या कपड्याचा वास येणारी. उठून माझ्या खांद्यांवरून घातली आणि लहान पोरीला घालावी तशी पुढे दोन्ही टोकं नीट केली. "ये रख ले. आणि ऐक, घरी आग लागली तं मानूस कपडे पाहत नाही. जे पाहतात त्याईच्या घरी लागली नाही, असं समज."

त्यांना मी त्या दिवसापासून खाला, म्हणजे मावशी, म्हणते. त्यांच्या मुलाचा मोटारसायकलवरून पडून पाय मोडला होता, तो आईच्या शेजारच्याच खोलीत होता.

आईला स्ट्रेचरवरून आणलं. चेहरा पांढराफटक, ओठ आवळलेले. मी वाकून तिच्या कपाळावर हात ठेवला. तिनं डोळे उघडले, माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं, मग हळूच खाली पाहिलं.

"तू अशी आली?" ती म्हणाली. "गाऊनवर? अमरावतीहून?"

"हो आई."

"माय माय." तिनं डोळे मिटले. "लोकाईनं पाह्यलं असन."

खुब्याचं हाड मोडलेली बाई हे बोलत होती. मला हसू आलं, खालाही तोंडावर बुरख्याचं टोक धरून हसल्या, आणि मग आईच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं.

ऑपरेशन नीट झालं. खरी अडचण त्यानंतर आली. हॉस्पिटलचा जो झगा असतो, मागून उघडा आणि नाड्यांचा, तो आईला घातला होता. त्यात आई कुणाशी बोलेना. डॉक्टर आले की मान भिंतीकडे वळवायची. फिजिओथेरपिस्ट मुलगी वॉकर घेऊन उभं करायला आली, तर म्हणाली, "मले साडी नेसवा, मंग उठते." परकराची नाडी नेमकी टाक्यांवर येत होती. निऱ्या वॉकरमध्ये अडकल्या असत्या. त्या मुलीनं समजावून सांगितलं की आजी, काही महिने गाऊनच घालावा लागेल. आईनं ऐकून घेतलं आणि उठायला नकार दिला. दुसऱ्या दिवशीही नकार दिला.

दुपारी मी तिच्याजवळ बसले. जरा चिडूनच म्हटलं, "आई, इतकं काय आहे गं त्या साडीत?"

तिनं छताकडे पाहिलं. मग जे बोलली ते मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं.

तिचं माहेर दर्यापूरकडचं. ती लहान असताना गावातल्या एका मोठ्या घरच्या लग्नाला ती आणि तिची धाकटी बहीण त्यांच्या आईबरोबर जेवायला गेल्या होत्या. पंगत बसत होती. दोघी पुढे जाऊन बसल्या. वाढणाऱ्या माणसानं त्यांच्या झग्यांकडे पाहिलं. झगे धुतलेले होते, पण ठिगळांचे होते. त्यानं दोघींना दंडाला धरून उठवलं आणि मागे, गडीमाणसांच्या पंगतीत नेऊन बसवलं.

"जेवन तेच होतं," आई म्हणाली. "बुंदी पन तीच. पन माह्यानं खाल्ली नाही गेली. तवाच मी ठरवलं, नोकरी लागली की असे कपडे घालीन की मले कोनी उठवलं नाही पायजे."

मी तिचा हात धरून बसले. तिच्या त्या इस्त्रीच्या साड्यांकडे इतकी वर्षं मी शिस्त म्हणून पाहिलं होतं. त्या साड्यांखाली पंगतीतून उठवलेली एक लहान मुलगी होती, हे मला माहीत नव्हतं. ते तिनं मला सांगितलं, याबद्दल मी त्या पडण्याचेही थोडे आभार मानते.

दारात खाला उभ्या होत्या. त्यांनी किती ऐकलं ते ठाऊक नाही. आत येऊन त्या पलंगाच्या कडेला बसल्या आणि म्हणाल्या, "मास्तरीणबाई, आमचं दुकान आहे गाऊनचं. मी सोता शिवतो. तुमच्यासाठी असा बनवून देतो की तुमाले त्यात कोनीच उठवनार नाही. मनजे, ही पोरगी सोडून." दारावरून जाणाऱ्या फिजिओथेरपिस्टकडे त्यांनी बोट दाखवलं. आईच्या ओठांवर कितीतरी दिवसांनी हसू आलं.

खालांनी टेप मागवली नाही. वितीनंच माप घेतलं. खांद्यापासून घोट्यापर्यंत, छाती, दंड. आई अंग चोरत होती, पण नको म्हणाली नाही. मग दोघी रंगावर बोलल्या, कापडावर बोलल्या. आईला सुती कापडातलं फार कळतं आणि खालांना तिच्याहून जास्त. त्या गप्पांत मला दोघींनी विसरूनच टाकलं.

गाऊन आला तो दुसऱ्या दिवशी संध्याकाळी. जाड मऊ सुती कापड, बारीक चौकटी, शर्टासारखी कॉलर, पुढून खालपर्यंत बटणं. लांबी घोट्याच्या वर, म्हणजे वॉकरमध्ये अडकायला नको. बाह्या कोपरापर्यंत. आणि दोन्ही बाजूंना मोठे खिसे.

"खिसे?" आई म्हणाली.

"मंग? चष्मा कुठी ठेवसान? मोबाइल कुठी ठेवसान? दोन्ही हात तं वॉकरले राहतीन."

माझ्या आईनं सबंध आयुष्यात खिसा असलेला एकही कपडा घातला नव्हता. तिनं उजव्या खिशात हात घातला, मग डाव्या. बाहेर काढले, पुन्हा घातले. तशीच हात खिशात ठेवून ती थोडा वेळ बसून राहिली. मग मला म्हणाली, "त्या पोरीले बोलाव. उभं राहून पाहतो."

ती उभी राहिली. दाराशी गेली, तिथून परत आली. खालांनी नुसती मान डोलावली. मी पैशांचं विचारलं तर त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी पुन्हा तो विषय काढला नाही. माझ्या खांद्यावरची ओढणी परत करायला गेले, तीही घेतली नाही.

मी ऑफिसातली रजा वाढवून घेतली आणि आईबरोबर अकोल्याला राहिले. घरी आल्यावर चालणं सुरू झालं, पण फाटकाच्या आत. ओट्यावरून फाटकापर्यंत आणि परत. फाटकाच्या बाहेर पाऊल टाकायला ती तयार नव्हती. मी आग्रह केला नाही. समोरची बाई रोज सकाळी यायची, कधी भाजी निवडून द्यायची, कधी नुसती बसायची. एका सकाळी ती किराणा आणायला निघाली होती, नेहमीप्रमाणे गाऊनवर. आई फाटकाशी उभी होती. तिच्याकडे पाहत आई मला हळूच म्हणाली, "त्या दिवशी हे साडी नेसत बसली असती तं मी तिथंच पडून राहिली असती."

मग तिनं हाक मारली. "थांब वो. मी बी येतो कोपऱ्यापर्यंत."

समोरची बाई थांबली. दोघी निघाल्या. एकीचा गाऊन फुलाफुलांचा, एकीचा चौकटींचा, वॉकर रस्त्यावर टकटक वाजत होता. मी मागून बरंच अंतर ठेवून चालले. मला त्यांच्यामध्ये यायचं नव्हतं.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी मतदान आलं. आईनं आजवर एकही मतदान चुकवलेलं नाही. उलट शिक्षिका असताना कितीतरी वेळा तिनं केंद्रावर ड्युटी केली होती. घरून मत देण्याच्या सोयीचं मी विचारून पाहिलं, पण वय बसत नव्हतं. आदल्या दिवशी तिनं कपाटातून एक साडी काढली, पलंगावर पसरली, नुसती पाहिली, आणि घडी घालून परत ठेवली. सकाळी ती गाऊनवरच तयार झाली. केस नीट विंचरून, कपाळावर बुक्क्याचा ठिपका लावून, खिशात मतदार कार्ड टाकून.

केंद्र तिच्याच जुन्या शाळेत होतं. रांग व्हरांड्यापर्यंत आली होती आणि रांगेतली अर्धी माणसं तिची विद्यार्थी किंवा विद्यार्थ्यांचे आईबाप. रिक्षातून उतरताना तिचा हात माझ्या दंडावर घट्ट आवळला. चेहरे वळले. एक तरुण पोलीस धावत आला, खुर्ची देऊ का म्हणाला. रांगेत तिच्या शाळेतले एक निवृत्त सर उभे होते. पांढरा शर्ट, चकाकते बूट. त्यांनी तिला पाहिलं आणि मनात काही नसताना तोंडातून निघालं तसं म्हणाले, "बाई, तुम्ही? आणि अशा?"

सगळे ऐकत होते. मी उत्तर द्यायला तोंड उघडलं, पण आईनं वॉकर सरळ केला आणि म्हणाली, "मत मी द्याले आली सर, गाऊन नाही."

सर स्वतःच मोठ्यानं हसले. सगळी रांग हसली. "या, या, पुढे या," म्हणत त्यांनी तिला आपल्या पुढे घेतलं, त्यांच्या पुढच्यांनीही वाट दिली. व्हरांड्याची पायरी चढताना सरांनीच वॉकर उचलून वर ठेवला. आई आत गेली, बोटाला शाई लावून बाहेर आली आणि ते बोट मला लहान मुलासारखं दाखवलं. परत येताना रिक्षात तिचा हात माझ्या दंडावर नव्हता, खिशात होता.

याला आता बरेच महिने झाले. आई काठीवर चालते. लग्नाकार्याला साडी नेसते, पहिल्यासारखीच कडक, आणि मला ते आवडतं. तो कपडा तिनं मेहनतीनं मिळवलाय. सकाळचं फिरणं मात्र गाऊनवर असतं. मी अमरावतीला परत आले, दर रविवारी जाते. शेजारच्या काकांनी त्या दिवसाबद्दल पुन्हा कधी शब्द काढला नाही. समोरच्या बाईचं कोपर बरं झालं, थोडा व्रण राहिला. या माणसांनी माझ्यासाठी जे केलं ते करताना त्यांनी कुणीही मी कशी दिसते हे पाहिलं नाही, आणि ज्यांनी पाहिलं त्यांच्यावरही माझा राग नाही. आपण सगळेच पाहतो. पाहून झाल्यावर पुढे काय करतो एवढंच आपल्या हातात असतं.

मागच्या रविवारी आईला खालांच्या दुकानी जायचं होतं. बाजारातल्या त्या बोळात रिक्षा जात नाही, म्हणून कोपऱ्यापासून आम्ही हळूहळू चालत गेलो. खालांचा मुलगा गादीवर बसला होता, पाय पुढे लांब ठेवून. तो अजून जरा लंगडतो, पण दुकान तोच पाहतो. आईला पाहून त्यानं उठायचा प्रयत्न केला. आई म्हणाली, "बस बाबू, तू बी माह्यासारखाच आहे." खालांनी चहा मागवला. मग दोघी गुडघ्यांबद्दल, डॉक्टरांबद्दल आणि हल्लीच्या कापडाबद्दल इतका वेळ बोलत बसल्या की मी दुकानातल्या गिऱ्हाइकांना गाऊन दाखवायला मदत करू लागले. निघताना खालांनी आईचा हात हातात घेतला आणि बराच वेळ सोडला नाही. उन्हं चढली होती. घरी येऊन मी पिठलं टाकलं आणि आम्ही दोघी जेवलो.